धूर कायद्यात आला, वास बाहेरच राहिला

नागपुरात कारखाना आणि घर यांचे शेजारपण जुने आहे. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, तीही गावाबाहेर नव्हे, तर जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या बाजूला. कोळशावर चालणाऱ्या गिरणीच्या आजूबाजूलाच वस्ती वाढली. गिरणी म्हणजे रोजगार, त्यामुळे तिच्या धुराबद्दल कुरकूर करणार कोण?

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि उद्योगांसाठी वेगळी वसाहत आखायची पद्धत रुळली. नागपूरकरांना हिंगणा एमआयडीसी माहीत आहे, पुढे वर्धा रोडवर बुटीबोरीही आली. कारखाने शहराबाहेर गेले, पण कामगारांची घरे, मग ले-आउट आणि फ्लॅट स्कीम त्यांच्या मागोमाग पोहोचल्या. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह ही गावे आज एमआयडीसीला चिकटूनच आहेत. ‘आधी कारखाना होता, तुम्ही नंतर आलात’ हे ऐकायला बिनतोड वाटते. पण शेजारी ले-आउट मंजूर करणारे हातही सरकारीच असतात, हे त्यात सोयीने गळते.

कायदा आला तोही टप्प्याटप्प्याने, आणि आधी पाण्याचा. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये उभे राहिले ते जलप्रदूषणासाठी. नागपूरच्या ‘नीरी’चेही तसेच. 1958 मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून सुरू झाली, ‘पर्यावरण’ हा शब्द तिच्या नावात आला 1974 मध्ये. त्याच सुमारास कोराडीचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि शहराच्या उत्तरेला राखेचा प्रश्न कायमचा येऊन बसला. हवेचा स्वतंत्र कायदा 1981 चा. पुढे 2009 च्या मानकांनी धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया अशा बारा घटकांना मर्यादा घातल्या. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूरही होते.

या सगळ्यात वास कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्ये दुर्गंधी नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण अमुक इतका वास म्हणजे उल्लंघन, अशी देशभर लागू मर्यादा तयार झाली नाही. अडचण खरी आहे. कुजक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग इतका असला तरी नाकाला कळतो. शिवाय वास अनेक वायूंचा मिळून बनतो, एकेक मोजला तर प्रत्येक जण निर्दोष. त्यात हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, वास वस्तीतच दाटतो, आणि उन्हे तापली की विरतो. दुपारी तपासणीला आलेल्या माणसाला मग काय सापडणार? भांडेवाडीच्या कचरा डेपोभोवती राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, तिथे तर कारखानाही नाही.

म्हणून वासाची तक्रार फिरून उपद्रवाच्या जुन्या कलमांकडेच जाते. 1860 च्या दंड संहितेतले कलम 278 हवा आरोग्याला अपायकारक करणाऱ्याला जास्तीत जास्त 500 रुपये दंड सांगत होते. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये तो 1000 झाला, म्हणजे दीड शतकात दुप्पट. त्यापेक्षा दुसरी वाट बरी. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि मद्यार्क कारखान्याच्या घाण पाण्याविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी ‘पैसे नाहीत’ ही नगरपालिकेची सबब धुडकावली. तेव्हाचे फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 133 आता नागरिक सुरक्षा संहितेत 152 आहे. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो.