फ्रीमेसन आणि चर्च: भांडण नेमकं कशावरून सुरू झालं

मुंबईच्या फोर्टात सुखाडवाला रोडवर फ्रीमेसन्स हॉल आहे, म्हणजे गुपित पाळायची शपथ घेऊन एकत्र येणाऱ्या फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या बंधुभावाच्या संघटनेचा हॉल. कॅथलिक माणसानं तिथं मेंबर व्हायचं नाही हे वांद्र्यापासून वसईपर्यंत घरोघरी जुन्या माणसांना माहीत असतं, पण का नाही हे विचारलं की उत्तरं भलतीच येतात, सैतानाची पूजा, रक्ताच्या शपथा, फोनवर फिरणारे तेच ते व्हिडिओ. खरं कारण वेगळं आहे, बरंच जुनं आहे आणि मला तरी ते जास्त गंभीर वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे लक्षात घ्या की ही मंडळी चर्चशी वैर घेऊन जन्माला आलेली नाहीत. मुळात हे युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांचे, गवंड्यांचे संघ, त्यांच्या जुन्या नियमांच्या पोथ्यांची सुरुवातच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं व्हायची. पुढे हळूहळू खरे गवंडी कमी झाले आणि शिकलेले, पैसेवाले लोक आत आले. २४ जून १७१७ ला, म्हणजे संत जॉन बाप्टिस्टच्या सणाच्या दिवशी, लंडनमधल्या चार लॉजनी (लॉज म्हणजे मेसनांची स्थानिक शाखा) एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे त्या सगळ्यांची वरची संघटना, काढली असं त्यांची परंपरा सांगते. १७२३ मध्ये त्यांचं घटनापुस्तक छापून आलं, ते लिहिणारा जेम्स अँडरसन हा स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पास्टर, आणि सुरुवातीच्या ग्रँड मास्टरपैकी, म्हणजे प्रमुखांपैकी, देसागुलिए हा अँग्लिकन पाद्री, न्यूटनच्या प्रयोगांत मदत करणारा. म्हणजे पाया घालणारे लोक चर्चचेच, फक्त प्रोटेस्टंट.

पण त्या पुस्तकात एक कलम असं आलं की सगळा पुढचा इतिहास त्यावरून घडला. मेसननं नास्तिक असू नये, पण धर्म म्हणाल तर ज्यावर सगळ्या माणसांचं एकमत होईल तेवढाच इथं पुरे, बाकीची मतं ज्याची त्याच्यापाशी. इंग्लंडनं त्याआधीच्या शतकात धर्मावरून यादवी बघितलेली, राजाचं मुंडकं उडालेलं बघितलेलं, त्यामुळे एका टेबलाशी बसून जेवायचं तर धर्माचा वाद दाराबाहेर ठेवा असं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा उल्लेख गेला, ख्रिस्ताचं नाव गेलं, उरला तो विश्वाचा महान शिल्पकार, ज्याला कोणत्याही धर्माचा माणूस आपला देव मानू शकतो.

रोमला, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चला, खटकलं ते इथं. २८ एप्रिल १७३८ ला पोप बारावे क्लेमेंट यांनी फर्मान काढलं की कॅथलिक माणूस मेसन झाला तर तो चर्चमधून बहिष्कृत. (तेव्हा आपली वसई अजून पोर्तुगीजांकडेच होती, चिमाजीअप्पांनी ती मे १७३९ मध्ये घेतली.) फर्मानात कारणं दिलीत ती अशी की वेगवेगळ्या पंथांची माणसं एकत्र येतात, बायबलवर हात ठेवून गुपित पाळायची शपथ घेतात, आणि काही वाईट करत नसतील तर लपवतात कशाला. सैतानाची पूजा हा आरोप त्यात नाही. राजकारणाची भीती होतीच, त्या काळी कुठलाही गुप्त मेळावा म्हटला की राजाला आणि पोपला दोघांनाही धडकी भरायची.

याचे चटके कसे बसले त्यासाठी जॉन कूस्तोसचं उदाहरण बघा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये राहिलेला प्रोटेस्टंट, रत्नांना पैलू पाडायचा धंदा, कामासाठी लिस्बनला गेला आणि तिथं लॉज चालवायला लागला. १७४३ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याला पकडलं, लॉजमध्ये काय चालतं ते सांग म्हणून हातपाय ताणायच्या यंत्रावर चढवलं, आणि १७४४ मध्ये चार वर्षं सक्तमजुरीची शिक्षा दिली. इंग्रज वकिलातीनं मध्ये पडून सोडवलं म्हणून तो वाचला. मी श्रद्धा मानणारा माणूस आहे, तरी हे वाचून मान खाली जाते. गुपितावर आक्षेप घेणं वेगळं आणि माणसाचे सांधे निखळवणं वेगळं.

आता मुंबई. इथं पहिली लॉज १७५८ मध्ये निघाली, पण ती गोऱ्यांची. माणेकजी करसेटजी नावाचे पारशी गृहस्थ, ज्यांनी पुढे फोर्टातली अलेक्झांड्रा मुलींची शाळा काढली, त्यांना मुंबईत कोणी आत घेईना. शेवटी ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले. मग डॉक्टर जेम्स बर्न्स (काबूलमध्ये मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा भाऊ) यांनी १८४३ मध्ये खास भारतीय लोकांना घेण्यासाठी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज काढली. आता त्याच्या आधीच्या चार वर्षांत काय झालं होतं ते शेजारी ठेवून बघा. १८३९ मध्ये मिशनरी रेव्हरंड जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, अख्ख्या पारशी समाजात आग लागली, प्रकरण कोर्टात गेलं, लोकांनी मिशनच्या शाळेतून आपली पोरं काढून घेतली. अशा शहरात पारशी माणसानं ख्रिश्चन साहेबाच्या बरोबरीनं बसावं, बायबलच्या शेजारी आपला अवेस्ता ठेवावा आणि कोणी त्याला बाटवायला येणार नाही अशी एक खोली मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असेल! दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, खुर्शेदजी कामा हे सगळे मेसन होते. पोपला जी गोष्ट सलत होती तीच मुंबईच्या पारशी, मुसलमान आणि पुढे हिंदू मेंबरांना हवी होती, माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथं आहे.

आणि ही ओढाताण एकाच माणसात बघायची असेल तर लॉर्ड रिपन. शाळेत आपण स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक म्हणून पाठ केलेले तेच. हे १८७० पासून इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टर होते, देशातल्या सगळ्या मेसनांचे प्रमुख. १८७४ मध्ये त्यांनी अचानक पद सोडलं आणि लगेच कळलं की ते रोमन कॅथलिक होतायत. दोन्ही एकदम जमणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी निवड केली. इंग्लंडमध्ये खूप बोंबाबोंब झाली. त्यांच्या जागी आले प्रिन्स ऑफ वेल्स, आणि नोव्हेंबर १८७५ मध्ये ते मुंबईला आले तेव्हा इथल्या गोदीची, जिला पुढे प्रिन्सेस डॉक म्हणायला लागलो, कोनशिला त्यांनी मेसनांच्या विधीनं बसवली. रिपन १८८० मध्ये व्हाइसरॉय होऊन आले, या पदावरचे पहिले कॅथलिक. स्वतःच्या श्रद्धेसाठी एवढं मोठं पद आणि आयुष्यभराची मित्रमंडळी सोडणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

ते इथं असतानाच, २० एप्रिल १८८४ ला, पोप तेरावे लिओ यांचं मेसनांविरुद्धचं सगळ्यात कडक पत्र आलं. एवढं कडक का, तर इटलीतलं राजकारण. इटली एक करण्यासाठी लढलेला गॅरिबाल्डी मेसन, १८७० मध्ये रोम पोपच्या हातून गेलेलं, कार्बोनारी वगैरे गुप्त संघटनांचा त्रास त्याआधीपासून. ग्रँड ओरिएंट या फ्रान्समधल्या मेसनांच्या मुख्य संघटनेनं तर १८७७ मध्ये देवावर श्रद्धा हवी ही अटच काढून टाकली, त्यावरून इंग्रज मेसनांनीही त्यांच्याशी संबंध तोडले, पण रोमच्या लेखी सगळे सारखेच.

आणि याच वातावरणात लिओ ताक्सिल उगवला. हा पॅरिसमधला चर्चची टिंगल करणारा लेखक, १८८५ मध्ये म्हणाला मला पश्चात्ताप झालाय, आणि मग बारा वर्षं मेसन लोक ल्युसिफरला, म्हणजे सैतानाला, पुजतात, त्यांचा एक गुप्त सर्वोच्च पंथ आहे, त्यातून पळून आलेली डायना व्हॉन नावाची बाई आहे, असल्या कथा छापत राहिला. बिशप फसले, खुद्द पोप त्याला भेटले. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसमध्ये भर सभेत त्यानं सांगितलं की हे सगळं मी रचलं, डायना माझी टायपिस्ट आहे. लोक चिडून अंगावर धावले. पण कथा मेल्या नाहीत, आज आपल्याला येणाऱ्या फॉरवर्डमधलं ल्युसिफरचं प्रकरण बरंचसं याच कारखान्यातलं आहे, आणि आपलीच माणसं ते खरं मानून पुढे पाठवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रोटेस्टंटांचं एकमत कधीच नव्हतं. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर स्वतः मेसन होते, आणि १९८७ मध्ये त्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या अहवालात हे ख्रिस्ती श्रद्धेशी जुळतं का यावर गंभीर शंका घेतली गेली. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं १९३३ मध्ये विरोधात निर्णय दिला. अमेरिकेत कॅथलिकांनी वेगळीच वाट काढली, फादर मॅकगिव्हनी यांनी १८८२ मध्ये नाइट्स ऑफ कोलंबस काढली, म्हणजे बंधुभाव, विमा, विधवांना आधार हे सगळं मिळेल पण चर्चच्या आत राहून.

१९८३ मध्ये कॅथलिक चर्चचा नवा कायदा आला त्यात मेसनांचं नावच नव्हतं, फक्त चर्चविरुद्ध कट करणाऱ्या संघटना असं मोघम होतं, त्यामुळे बंदी उठली असं पुष्कळांना वाटलं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांच्या सहीनं खुलासा निघाला की भूमिका तीच आहे, मेंबर झालेला कॅथलिक गंभीर पापात आहे आणि त्यानं कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, घेऊ नये. भारताची वेगळी ग्रँड लॉज १९६१ मध्ये झाली, तिच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब, अवेस्ता हे एकत्र मांडलेले असतात, आणि रोमचा आक्षेप आजही यालाच धरून आहे, की सगळे धर्मग्रंथ एका रांगेत ठेवले की ख्रिस्त हा अनेकांतला एक होतो. फिलिपिन्समधल्या दुमागेतेच्या बिशपांनी पुन्हा विचारलं, कारण त्यांच्याकडे मेसन वाढत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीनं उत्तर गेलं की बंदी कायम आहे, पण नुसती बंदी सांगून थांबू नका, प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक धर्मग्रामात) साध्या लोकांना कळेल अशा भाषेत त्यामागची कारणं शिकवा.