नेहरूंचं जाकीट आणि नेहरूंची अचकन

नोव्हेंबर लागला की माझ्या मशीनपाशी एक मागणी हमखास येते. "ताई, बालदिनाला पोराला चाचा नेहरू करायचंय, नेहरू जाकीट शिवून द्या." मग मोबाइल पुढे धरतात. फोटोत पंडितजी असतात, टोपी असते, गुलाब असतो. जाकीट मात्र नसतं. अंगात असते गुडघ्यापर्यंत आलेली, पूर्ण बाह्यांची, गळ्यापासून बंद केलेली अचकन.

घोटाळा होतो याचं कारण साधं आहे. दोन्ही कपडे एकाच माणसाच्या अंगावर पाहिलेले, दोन्हींचा गळा उभ्या पट्टीचा, दोन्हींची बटणं समोर मधोमध. छातीपर्यंतचाच फोटो असला तर शिवणाऱ्यालाही क्षणभर थांबून खांद्याकडे बघावं लागतं. खांद्यापासून बाही त्याच कापडाची निघाली तर अचकन. मुंढ्यातून, म्हणजे हात घालायच्या गोलाईतून, पांढऱ्या शर्टाची बाही बाहेर आली तर जाकीट.

खडू घेऊन कापड बेतायला बसलं की फरक हातालाच कळतो. मोठ्या माणसाच्या जाकिटाला ३६ इंची पन्ह्याची, म्हणजे तेवढ्या रुंदीची, खादी दीड मीटरच्या आसपास पुरते. तेवढ्याच पन्ह्यात अचकन बसवायची तर तीन-सव्वातीन मीटर कापड हवं. जाकीट कमरेच्या जरा खाली संपतं, त्याला खिसे लागतात, आणि खालून शर्टाचा घेर दिसतो. तो दिसणं हाच त्या पोशाखाचा भाग. अचकन आतलं काहीच दाखवत नाही. कमरेत बसती, खाली किंचित सुटणारी, दोन्ही बाजूंना कट, आणि पायात चुडीदार. खरी परीक्षा मुंढ्याची. जाकिटाचा मुंढा अर्धा इंच मोकळा राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अचकनीचा मुंढा खोल गेला की हात वर करताच सगळी अचकन गळ्याशी चढते. आणि फोटोंतले नेहरू तर कायम हात उंचावून लोकांना प्रतिसाद देत असतात! ती अचकन बेतणाऱ्या कारागिराबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शेरवानीशीही लोक गल्लत करतात. शेरवानी अंगाला भारी असते, अस्तर लावलेली. आता तर ती लग्नातल्या जरीकामापुरतीच उरली आहे. अचकन हलकी आणि अंगाबरोबर चालणारी.

आपल्याकडे मराठीत या गोंधळात आणखी एका कपड्याची भर आहे, तो म्हणजे नेहरू शर्ट. उत्तरेत ज्याला कुर्ता म्हणतात त्याला आपण नेहरू शर्ट म्हणतो, कित्येकदा नुसतं 'नेहरू' म्हणतो. वारीला निघालेले आजोबा "दोन नेहरू शिवून ठेव" असं सांगतात तेव्हा त्यांना पंतप्रधान आठवत नसतात, त्यांना धोतरावरचा पांढरा सदरा हवा असतो. एखाद्या नेत्याचं नाव कपड्यालाच कायमचं चिकटावं, हे मला फार हृद्य वाटतं. पण त्यामुळे 'नेहरूंचा ड्रेस' म्हटल्यावर दुकानातून शर्ट आणि जाकीट येतं, आणि अचकन डोळ्यांपुढेच येत नाही.

दोन्ही कपड्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. अचकन ही उत्तर हिंदुस्थानातल्या दरबारी आणि शहरी वळणाची. नेहरू १८८९ साली अलाहाबादला जन्मले, काश्मिरी पंडितांच्या घरात, आणि त्या शहरातल्या प्रतिष्ठित घरांतल्या पुरुषांचा हाच ठेवणीतला पोशाख. जाकीट आलं ते खादीबरोबर. बिनबाह्यांची बंडी शेतकरी, दुकानदार, कारकून सगळेच घालत. असहकाराच्या दिवसांत वडील मोतीलालांनी विलायती कपडे सोडले, जवाहरलालही खादीत आले, आणि शर्ट-जाकीट-टोपी हा काँग्रेसच्या कार्यकर्त्याचा सार्वजनिक वेश झाला. म्हणजे नाव नेहरूंचं लागलं तरी जाकीट त्यांचं एकट्याचं कधीच नव्हतं. दौऱ्यावर, सभेत, खेडोपाडी ते चारचौघांसारखं घातलं जाई. पाहुण्यांचं स्वागत, परदेशातला मुक्काम, सरकारी समारंभ अशा वेळी अंगावर अचकन येई.

हॅरो आणि केंब्रिजला शिकलेला, श्रीमंत वकिलाचा हा मुलगा, म्हणून त्यांच्या कपड्यांबद्दल दंतकथा खूप. त्यांतली सर्वांत चिवट म्हणजे नेहरूंचे कपडे धुवायला पॅरिसला जात. आमच्या घरीही ही गोष्ट खरी म्हणूनच सांगितली जाई. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतः ती खोडून काढली आहे. वारंवार खुलासा करूनही ती मरत नाही, असंही तिथे नोंदवलं आहे. लोक अजून सांगतातच. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती खरी आहे. मार्च १९४२ मध्ये इंदिरेचं लग्न झालं तेव्हा तिच्या अंगावर फिकट गुलाबी खादीची साडी होती. तिचं सूत वडिलांनी तुरुंगात कातलं होतं. तिच्या आईला, कमलाबाईंना, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. फेब्रुवारी १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला त्या गेल्या. एका साडीचं सूत म्हणजे चरख्यापुढे घालवलेले कितीतरी तास, हे शिवणकामातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कपड्यांतून हा माणूस समजून घ्यायचा तर मी आधी त्या सुतापाशी थांबते.

फुलांचं वेडही असंच आतलं. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं, तेव्हा तिथल्या खडकाळ, जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्यांनी भरलेल्या जमिनीत ते भर उन्हात तासन्‌तास खणत, फुलांसाठी वाफे तयार करत. पुढे पंतप्रधान म्हणून अचकनीवर रोज दिसणारा गुलाब मला त्या मातकट हातांसकट दिसतो. आणि तो गुलाब हीच अचकनीची सर्वांत सोपी खूण. ते फूल पिनेने टाचलेलं नसे, बटणाच्या काजात देठ खोचलेला असे.

परदेशात 'नेहरू जॅकेट' म्हणून जे गाजलं ते आणखी तिसरंच. उभ्या पट्टीचा, पूर्ण बाह्यांचा, पण कमरेखाली थोडासाच उतरणारा कोट. आपल्या बंदगळ्याचा जवळचा नातेवाईक. त्याची लाट १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि लवकरच ओसरली. नेहरू २७ मे १९६४ लाच गेले होते. त्या कोटात बाह्या अचकनीच्या होत्या, लांबी जाकिटाची होती आणि नाव त्यांचं.

मागच्या वर्षी एका आईला मी हे सगळं मशीनवर बसल्या बसल्या सांगितलं. ती म्हणाली, मग अचकनच शिवा, पण पोरगं सात वर्षांचं आहे, गरम होईल. मी पातळ सुती कापड घेतलं, अस्तर लावलं नाही, कॉलरीत मऊ कॅनव्हास घातला. छातीवरचं एक काज मात्र नेहमीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठं ठेवलं आणि त्याच्या कडा हातशिलाईने दोनदा पक्क्या केल्या, कारण देठ जाड असतो आणि मुलं फूल पुन्हा पुन्हा काढून बघतात.