कॅनव्हासवरचा सातबारा

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. १९५९च्या सुमारास सरकारने ती वसवली. वाळवंटात हिंडणाऱ्या आदिवासींना एका जागी आणायचं आणि गोऱ्यांसारखं राहायला लावायचं, हे तेव्हाचं अधिकृत धोरण. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी अशा वेगवेगळ्या भाषांची हजारभर माणसं तिथे कोंबली गेली आणि ज्या पाणवठ्यांच्या गोष्टी ती सांगत, ते पाणवठे दूर मागे राहिले.

या गोष्टींना ते ‘जुकुर्पा’ म्हणतात. इंग्रजीत त्याचं ‘ड्रीमिंग’ झालं आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला, कारण यात स्वप्नाचा भाग फार थोडा. पूर्वज कुठून निघाले, कुठे पाणी लागलं, कुठली जागा कुणी सांभाळायची, हे सगळं त्यात असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पुराण आणि सातबारा एकाच कागदावर. फक्त कागद नव्हता. वाळूवर बोटाने काढायचं, विधीच्या वेळी अंगावर रंगवायचं, नंतर पुसून टाकायचं. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. इंग्रजी ‘यू’सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, कारण मांडी घालून बसलेला माणूस उठला की वाळूत तोच ठसा उरतो.

१९७१मध्ये जेफ्री बार्डन नावाचा शिक्षक तिथल्या शाळेत आला. त्याच्या प्रोत्साहनाने वस्तीतल्या जाणत्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. बार्डनच्या आठवणीनुसार आधी मुंग्या गोऱ्यांच्या पुस्तकातल्यासारख्या निघाल्या. ‘या तुमच्या मुंग्या आहेत का?’ असं विचारल्यावर त्या पुसून खऱ्या खुणा आल्या. मग मिळेल त्या फळीवर चित्रं निघू लागली. त्याच वर्षी कापा चाम्पिचिन्पा यांच्या चित्राला अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या स्पर्धेत विभागून पहिलं बक्षीस मिळालं आणि १९७२मध्ये चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी काढली. ती भिंत मात्र १९७४मध्ये देखभालीच्या नावाखाली रंग मारून पुसली गेली. सरकारी रंगरंगोटी सगळीकडे सारखीच.

याआधी आदिवासींची कला केंद्रं नव्हती असं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एर्नाबेला १९४८पासून चालू आहे. पण तिथली सुरुवात मिशनऱ्यांच्या लोकरकामातून झाली; पापुन्यात कंपनीच चित्रकारांची होती.

या मालकीचा पहिला कस लवकरच लागला. सुरुवातीच्या फळ्यांवर काही गुप्त विधींच्या वस्तू उघड दिसत होत्या. शेजारच्या जमाती भडकल्या. चित्रकारांनी ते तपशील गाळले, काही ठिकाणी ठिपक्यांखाली झाकले. जगाला जी ‘ठिपक्यांची शैली’ म्हणून आवडली, तिच्यात हे झाकणंही आहे. अशा कला केंद्रांत आजही चित्र पूर्ण झालं की चित्रकाराशेजारी बसून गोष्ट लिहून घेतात आणि चित्रासोबतच्या दाखल्यावर ती छापतात. जी सांगायची नसते, ती लिहीत नाहीत.

चित्र केंद्राबाहेर पडल्यावर काय होतं? पापुन्याचेच चित्रकार जॉनी वारांग्कुला यांनी १९७२च्या सुमारास दीडेकशे डॉलरला दिलेलं चित्र २०००मध्ये लिलावात ४,८६,५०० डॉलरला गेलं. त्यांच्या हाती त्यातलं काहीच लागलं नाही. पुनर्विक्रीत चित्रकाराला पाच टक्के देणारा कायदा २०१०मध्ये लागू झाला, तेव्हा ते हयात नव्हते. चहाच्या कपांवर आणि चादरींवर वारली नाचवणाऱ्या आपल्याला हे फार परकं वाटू नये.

मघाचा सातबारा मात्र पुढे अक्षरशः खरा ठरला. ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी जमिनीवरचा हक्क मागितला, तेव्हा न्यायाधिकरणासमोर इंग्रजीत पुरावा मांडणं त्यांना जमेना. फिट्झरॉय क्रॉसिंगच्या मांगकाजा कला केंद्राशी जोडलेल्या चित्रकारांनी आणि इतर दावेदारांनी १९९७मध्ये आठ बाय दहा मीटरचा एकच कॅनव्हास रंगवला. ‘न्गुरारा’ त्याचं नाव. तो जमिनीवर अंथरला, आणि एकेक जण आपापल्या पाणवठ्यावर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. २००७मध्ये न्यायालयाने ७५ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरवरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाव भागाएवढा, हक्क मान्य केला. त्या कॅनव्हासवर उभे राहिलेले काही जाणते तोवर उरले नव्हते.