होहेनत्सोलर्न: किल्ला एका शाखेचा, राजमुकुट दुसऱ्या शाखेचा

होहेनत्सोलर्न या जर्मन राजघराण्याचा इतिहास म्हणजे 1701 मध्ये प्रशिया या उत्तर जर्मन राज्याचं राजेपद, 1871 मध्ये जर्मन साम्राज्य, 1918 मध्ये सम्राट दुसऱ्या विल्हेल्मचा पदत्याग. एवढं बहुतेकांना पाठ असतं. घोटाळा होतो तो त्याआधीच्या काळात. दक्षिण जर्मनीतल्या हेखिंगेनजवळच्या डोंगरावरच्या देखण्या होहेनत्सोलर्न किल्ल्याचा फोटो टाकून खाली 'प्रशियाच्या राजांची मध्ययुगीन राजधानी' असं लिहिलेलं वारंवार दिसतं, आणि ते साफ चूक आहे.

मूळ त्सोलर्न घराणं नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन प्रांतातलं. त्सोलर्नच्या लोकांचा पहिला उल्लेख 1061 चा, बुर्खार्ड आणि वेत्सिल या दोघांच्या मृत्यूच्या नोंदीत. घराण्याचं नाव या डोंगरावरूनच आलं.

आता खरी मेख. त्सोलर्नचा काउंट तिसरा फ्रेडरिक याने न्युर्नबर्गचा बुर्गग्राफ, म्हणजे तिथल्या शाही किल्ल्याचा किल्लेदार, कॉनराड याची मुलगी सोफी हिच्याशी लग्न केलं. हे सासरे राब्स घराण्यातले, त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे, 1191-92 च्या सुमारास, किल्लेदारी जावयाकडे आली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात या जावयाच्या मुलांमध्ये वाटणी झाली: श्वाबेनची वडिलोपार्जित जमीन फ्रेडरिक नावाच्या मुलाकडे, न्युर्नबर्गची किल्लेदारी कॉनराड नावाच्या मुलाकडे. पुढचं सगळं या वाटणीवरून ठरतं. एका शाखेकडे डोंगर आणि जहागीर राहिली. दुसरीकडे सम्राटाने दिलेला हुद्दा आला आणि त्याबरोबर दरबारात वावरही. या दुसऱ्या, फ्रँकोनियन (न्युर्नबर्ग ज्या फ्रँकोनिया भागात येतं तिथल्या) शाखेने 1331 मध्ये आन्सबाख विकत घेतलं, 1340 मध्ये कुल्मबाख मिळवलं, आणि 1415 मध्ये राजा सिगिस्मुंडने (जो पुढे सम्राट झाला) तिच्या सहाव्या फ्रेडरिकला बर्लिनभोवतीचा ब्रांडेनबुर्ग प्रांत दिला. प्रशियाचे राजे या शाखेचे. डोंगरावरच्या किल्ल्यातून त्यांनी कधीच राज्य केलं नाही.

वंशावळ वाचताना आकडे फसवतात, तेही नीट समजून घ्या. त्सोलर्नचा तिसरा फ्रेडरिक न्युर्नबर्गचा बुर्गग्राफ म्हणून पहिला ठरतो. न्युर्नबर्गचा सहावा फ्रेडरिक ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजपुत्र) म्हणून पहिला होतो. माणूस तोच, पदाप्रमाणे क्रमांक नवा. म्हणून नुसतं 'पहिला फ्रेडरिक' असं लिहू नये; पद जोडल्याशिवाय त्या नावाला काही अर्थ नाही.

किल्ल्याचंही तसंच. मूळ किल्ला 1423 मध्ये वेढ्यानंतर पाडला गेला, 1454 पासून दुसरा उभा राहिला आणि कालांतराने ढासळला. आज दिसतो तो तिसरा, 1850 ते 1867 मध्ये बांधलेला. तो बांधून घेतला प्रशियाच्या चौथ्या फ्रेडरिक विल्हेल्मने. श्वाबेनच्या शाखेची दोन्ही संस्थानं, हेखिंगेन आणि सिगमारिंगेन, तेव्हा नुकतीच प्रशियात विलीन झाली होती. गैरसमजाचं मूळ इथेच आहे. मनोरे मध्ययुगीन वाटतात, पण ते एकोणिसाव्या शतकातल्या राजाने आपल्या पूर्वजांच्या जागेवर उभारलेलं स्मारक आहे.

धर्माचा फरक सोपा: श्वाबेनची शाखा कॅथलिकच राहिली, फ्रँकोनियन शाखा सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट झाली. नाव सारखं वाटलं तरी होहेनस्टाउफेन हे तर वेगळंच घराणं. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा त्यांचा, आणि 1268 मध्ये त्यांच्या कॉनराडिनचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाल्यावर त्यांचा पुरुषवंश राजकारणातून संपला.

श्वाबेनची शाखा मात्र किरकोळ समजू नका. 1866 मध्ये रुमानियाच्या गादीवर बसलेला कारोल सिगमारिंगेनचा होता. 1870 मध्ये ज्याचं नाव स्पेनच्या गादीसाठी पुढे आल्यामुळे फ्रान्स आणि प्रशियात युद्धाची ठिणगी पडली, तो लेओपोल्ड त्याचाच थोरला भाऊ.