राक्षस-रूपांतर (भूमिकाखेळ)

पुराणांतील व लोकसमजुतींतील राक्षस, भुते, पिशाचे यांना टेबलावर खेळायच्या अद्भुतरम्य भूमिकाखेळाच्या नियमांत बसवणे आणि त्यांचे बळ खेळाडूंच्या पातळीशी जुळवून घेणे. प्रस्तुत नोंद मुख्यतः कोकणातील भुतांपुरती आहे.

या प्रकाराचे बहुचर्चित उदाहरण मात्र कोकणाबाहेरचे आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकी भूमिकाखेळ १९७४ मध्ये निघाला. त्यातला ‘राक्षस’ १९७५ मध्ये नियतकालिकातून व १९७७ मध्ये ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळातील प्राण्यांच्या सूचीतून आला : डोके वाघाचे, अंगात झगा, तोंडात पाइप आणि मरण मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. महाकाव्यांतील राक्षस मायावी, हवे ते रूप घेणारे खरे. पण हा बाण तिथला नव्हे. डिसेंबर १९७४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात राक्षस विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो व अशाच बाणाने मरतो. बाणाचे मूळ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वाघाच्या डोक्याचा उलगडा मात्र त्याने होत नाही. पुढे नियम बदलले. २०१४ च्या आवृत्तीत सज्जनाच्या हातातील टोचणाऱ्या जादुई शस्त्राने राक्षसाला दुप्पट इजा होते, एवढेच उरले.

कोकणातील भुतांसाठी ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांनी जॅक्सन यांच्या टिपणांवरून सिद्ध केलेला लोकसमजुतींचा संग्रह (१९१५) हा जुना आधार. अडचण हिशेबाची आहे. २००० पासून रूढ झालेले ‘चॅलेंज रेटिंग’ (प्राणी खेळाडूंना किती जड जाईल याचा आकडा) २०१४ च्या नियमांत हिट पॉइंट (किती इजा सोसेल ते), बचाव व तीन फेऱ्यांतील सरासरी इजा यांवरून काढतात. चकवा कोणाला मारत नाही. रात्रभर त्याच बांधावर फिरवतो आणि उजाडले की सोडतो. त्याचे रेटिंग शून्याच्या आसपास येईल आणि वाट मात्र कोणालाच सापडणार नाही. याच नियमांत आपल्या आवडत्या प्रदेशात रेंजर (रानवाटा जाणणारे पात्र) जादूखेरीज वाट चुकत नाही, म्हणून चकव्याची करणी ‘जादू’ अशी नोंदवावीच लागते. मुंज होऊन सोडमुंजीआधी वारलेला मुंजा पिशाच ठरला, तर याच नियमांतला पाचव्या पातळीचा क्लेरिक (पुरोहित-पात्र) अर्ध्यापर्यंत रेटिंग असलेली पिशाचे एका दमात नष्ट करू शकतो. आकडे फुगवण्यापेक्षा पिंपळ उभा आहे तोवर मुंजा परततो, असा नियम बरा.

गिऱ्हा पाण्यातला; त्याचे बळ खोल पाण्यापुरते ठेवावे.

देवचार व वेतोबा या गावराखणदारांना ‘मॉन्स्टर’च्या यादीत घालू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आरवलीच्या (ता. वेंगुर्ले) वेतोबाला आजही चामड्याच्या मोठ्या वहाणा व केळी वाहतात, रात्री गावावर फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. अशांशी लढाईऐवजी गाऱ्हाणे आणि राखण हेच खेळाचे डाव व्हावेत. नवस चुकला तर काय, हे आधी ठरवावे.

संकासुराच्या रूपांतराचे काम दशावतार या लोकनाट्याने आधीच केले आहे : वेद पळवणारा असुर तेथे मालवणीत विनोद करतो.