सेट-टॉप बॉक्समधल्या सिम्बॉल रेटची पार्श्वभूमी

मराठवाड्यात शेतवस्तीवरच्या पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री बसवताना तिचे तोंड आग्नेयेकडे वळवतात आणि बॉक्समध्ये ११०९० ही फ्रिक्वेन्सी व २९५०० हा सिम्बॉल रेट भरतात. यातला दुसरा आकडा हजारांत असतो; तो सांगतो की उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीची अवस्था एका सेकंदात २ कोटी ९५ लाख वेळा बदलते; अशी प्रत्येक अवस्था म्हणजे एक चिन्ह, म्हणजेच सिम्बॉल. या रेटचे एकक, बॉड, हे फ्रेंच तार-अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून आले आहे.

ठरावीक रुंदीच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातून सेकंदाला किती चिन्हे धाडता येतील याला मर्यादा असते, हे अभियंता हॅरी नायक्विस्ट यांनी १९२० च्या दशकातच दाखवून दिले होते. तेव्हा जास्त माहिती पाठवायची तर एकेका चिन्हावर जास्त बिट लादावे लागतात, आणि मॉड्युलेशनचे, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीचे, काम नेमके तेच.

सप्टेंबर १९९३ मध्ये युरोपात डिजिटल टीव्हीची मानके ठरवणारा डीव्हीबी प्रकल्प उभा राहिला. उपग्रहाकडे शक्ती तुटपुंजी, म्हणून तिथे चार अवस्थांचे, चिन्हामागे दोनच बिट वाहणारे क्यूपीएसके हे मॉड्युलेशन निवडले गेले. केबलमध्ये सिग्नल स्वच्छ पण पट्टा ८ मेगाहर्ट्झचाच, म्हणून तिथे सहा बिटांचे ६४-क्वॅम आले. आकडेमोड पाहण्यासारखी आहे. उपग्रहावर २७५०० चा सिम्बॉल रेट आणि ३/४ एफईसी (दर चार बिटांत तीन माहितीचे, एक त्रुटीदुरुस्तीचा) धरली, तर सेकंदाला ४१.२५ मेगाबिट मिळतात. केबलवर ६८७५ गुणिले सहा केले, तरी तेवढेच. त्रुटीदुरुस्तीचे उरलेले बिट वजा जाता दोन्हीकडे सुमारे ३८ मेगाबिट हाती लागतात. त्यामुळे छत्रीवर उतरलेला अख्खा प्रवाह हेडएंडवर, म्हणजे केबलचालकाच्या केंद्रात, पुन्हा न जुळवता केबलमध्ये सोडता येतो, आणि ही सोय मला त्या मानकांतली सर्वांत शहाणपणाची वाटते. तेव्हाच्या औरंगाबाद शहरात डिजिटल केबल सक्तीची झाली ती डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने.

पुढे आलेल्या डीव्हीबी-एस२ मध्ये आठ अवस्थांचे ८पीएसके आणि एलडीपीसी ही त्रुटीदुरुस्ती आली, जी अमेरिकी संशोधक रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास मांडली होती, पण तिचे गणित पेलणाऱ्या स्वस्त चिप नसल्याने ती तशीच पडून होती. त्याच पट्ट्यात सुमारे ३० टक्के जास्त माहिती मावू लागली. मात्र ८पीएसकेत दोन अवस्थांमधले अंतर ९० अंशांऐवजी ४५ अंशांवर येते, आणि मुसळधार पावसात केयू बँडचा, म्हणजे या छत्र्यांच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याचा, सिग्नल खचला की गफलत आधी तिथेच होते. शिवाय जुन्या बॉक्सना हे मॉड्युलेशन उकलता येत नाही. म्हणूनच फ्री डिशवर जुन्या क्यूपीएसकेचे प्रवाह अजून चालू आहेत.