३.०८ की ३.७३? आधी गिअरबॉक्स कोणता ते सांगा

१९७० च्या सुमाराची शेवरोलेची शेव्हेल किंवा कॅमारो, रोज कामावर न्यायची, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कोणता रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) घालू? हा प्रश्न निघाला की एक जण सांगतो, "३.७३ नको, हायवेवर इंजिन ओरडेल." लगेच दुसरा, "माझ्याकडे ३.७३ च आहे, काही ओरडत नाही." दोघंही खरं बोलतात. वाद मिटत नाही, कारण आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे हे दोघांपैकी एकानेही सांगितलेलं नसतं.

आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि इंजिनाचे फेरेही जास्त, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फक्त "हाय गिअर", "लो गिअर" म्हणू नका. निम्मे लोक ते उलटं समजतात. आकडाच सांगा.

खरी गल्लत पुढे होते. अ‍ॅक्सलचा रेशो वेगळा आणि एकूण रेशो वेगळा. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचा आकडा इंजिनाला एकटा कधीच भेटत नाही. त्या क्षणी जो गिअर पडलेला असेल त्याच्याशी गुणाकार होऊनच भेटतो.

टर्बो ३५० या जुन्या ऑटोमॅटिकचा टॉप गिअर १:१. टायर २६ इंची आणि वेग ताशी १०५ किमी धरा. ३.०८ वर इंजिन मिनिटाला साधारण २,६०० फेरे घेतं, ३.७३ वर ३,१५०. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा कन्व्हर्टर घसरून फेरे आणखी वाढतात ते वेगळं. रोज तासभर असं चालवून कुणीही वैतागेल. आता त्याच गाडीत ७००आर४ बसवा. १९८२ साली आलेल्या या गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा आहे. ३.७३ गुणिले ०.७० म्हणजे २.६१, आणि फेरे उतरतात २,२०० वर. मागे ३.७३ असूनही ही गाडी ३.०८ वाल्या जुन्या गाडीपेक्षा शांत चालते!

पहिल्या गिअरचाही हिशोब करून बघा. टर्बो ३५० चा पहिला २.५२, ७००आर४ चा ३.०६. टर्बोमागे ३.७३ लावला तर गुणाकार ९.४०. ७००आर४ मागे ३.०८ लावला तर ९.४२. सिग्नलवरून निघताना दोन्हींची ओढ सारखीच. म्हणून ७००आर४ बसवल्यावर वर "पिकअपसाठी" ४.१० घालणारे पाहिले की जीव तुटतो. पहिल्या गिअरचा गुणाकार १२.५ च्या वर जातो आणि ५,००० फेऱ्यांना ताशी ५० किमीलाच तो गिअर संपतो.

मग ७००आर४ मागे ३.०८ च राहू द्यावा का? माझं मत नाही असंच आहे. १०५ ला जेमतेम १,८०० फेरे उरतात. मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा शाफ्ट) घातलेलं इंजिन तिथे अडखळतं, आणि जरासा चढ लागला की गाडी तिसऱ्यावर उतरते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा लहान आकड्याचा टॉप गिअर, असेल तर मी बेधडक ३.७३ घालीन. टॉप १:१ असेल तर ३.०८, फार तर ३.३१, आणि त्यावर कुणाचं ऐकणार नाही.

बाकीचं थोडक्यात. "पॉझी" हा रेशो नव्हे. दोन्ही चाकांना जोर देणारं डिफरन्शियल, ते कोणत्याही आकड्याबरोबर येतं. टायर २६ चे २८ इंची केलेत तर ३.७३ चा परिणाम ३.४६ इतकाच उरतो. रेशो बदलला की स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदला. आणि शेवरोलेच्या १२-बोल्ट अ‍ॅक्सलमध्ये ३.०८ काढून ३.७३ घालताना कॅरियर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) तोच चालतो, ४.१० ला मात्र तो वेगळा लागतो, त्याचे पैसे आधीच धरून ठेवा.